पाचघऱ्यातलं मधलं घर

१८ जानेवारी १९७३, गुरुवार

आज मला एक रेघ सरळ मारता येत नाही. ड्रॉइंग मास्तरची रेघ वाकडी गेली हे पोरांना कळलं तर वर्गात हसतील, हसोत! आज आमच्या बोळात पुरातत्त्व खात्याची जीप आली. साहेब खरं तर निघाले होते पैठणच्या वाटेवरच्या कुठल्याशा देवळाकडे. शेवगावात चहाला थांबले, पाय मोकळे करायला म्हणून आत चालत आले आणि आमच्या पाचघऱ्यासमोर उभे राहिले ते उभेच. चहा तिकडे हॉटेलात गार झाला.

पाचघरं म्हणजे आमची ओळ. एकाला एक चिकटलेली पाच घरं, दोन घरांत मिळून एकच भिंत, सगळ्यांना मिळून एकच लांबलचक दगडी जोतं आणि वर एकच मातीचं सपाट माळवद. पाच शिलेदारांसाठी बांधली असं माझे वडील, आबा, सांगायचे. मधलं घर आमचं. उजव्या हाताला पिठाच्या गिरणीवाला श्रीमंत, डाव्या हाताला बनुबाई. कडेची दोन्ही घरं बंद असतात, माणसं पुण्याला गेली, किल्ल्या माझ्याकडे.

साहेबांनी दर्शनी लाकडी पट्टीवर बोट ठेवलं आणि चालत सुटले. पट्टीवर कोरलेली वेल या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते, घर बदललं तरी पान तुटत नाही. "मास्तर," साहेब म्हणाले, "पाच घरं नाहीत ही. एकच इमारत आहे. अशी ओळ मी या जिल्ह्यात दुसरी पाहिली नाही." संरक्षित वास्तू म्हणून तिची शिफारस करणार! नकाशे करायला खात्याकडे माणूस नाही, दुष्काळात सगळे दुसऱ्या कामांना जुंपलेत, म्हणून नकाशे मी करायचे. मी! जन्मभर पोरांकडून आंबा आणि कोयरी काढून घेतली, आता देवानं खरं काम दिलं.

अट एकच. नोटीस लागेपर्यंत कुणी कशालाही हात लावायचा नाही. खिळासुद्धा ठोकायचा नाही.

धावत आत जाऊन मालनला सगळं सांगितलं. ती चुलीपुढे बसली होती, फुंकणी हातात. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आन् माझी खिडकी?"

२१ जानेवारी, रविवार

खिडकीचं प्रकरण लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

मधलं घर असल्यामुळे आमच्या दोन्ही बाजूंना भिंती शेजाऱ्यांच्या. उजेड काय तो पुढच्या दारातून. स्वयंपाकघर सगळ्यात मागं, तिथं भरदिवसाही रॉकेलची चिमणी लावावी लागते. धूर कोंडतो हे खरं. मालन बरीच वर्षं मागच्या भिंतीत खिडकी मागते आहे. यंदा मी कबूल केलं होतं. संक्रांत झाली की गवंडी येणार होता. काल तो थापी-हातोडा घेऊन आला आणि मी त्याला दारातूनच परत पाठवला. दुसरं काय करणार? मागची भिंत अख्ख्या ओळीला एकसंध आहे, एक चिरा हलला तर साहेब काय म्हणतील?

मालन भांडली नाही. एवढंच म्हणाली, "नोटीस लागल्यावर तरी पाडता येईल का भित?"

मी सांगितलं, मग तर मुळीच नाही, मुंबईची परवानगी लागेल. ती म्हणाली, "म्हंजे कंदीच न्हाई." मी म्हणालो, "अगं, पण आपलं घर संरक्षित होणार! शंभर वर्षांनी लोक बघायला येतील!" ती म्हणाली, "मी शंभर वर्सं न्हाई ऱ्हायची. उनाळ्याच्या आत कायतरी करा, न्हाईतर मी केडगावला गहिनीच्या घरी जाते."

गहिनीनाथ म्हणजे तिचा भाऊ. त्यानं नगरजवळ केडगावात सिमेंटचं घर बांधलंय, काड्यापेटीसारखं, पट्टी नाही, वेल नाही, काही नाही. प्रत्येक खोलीला मात्र दोन-दोन खिडक्या. ती जाणार नाही. दरवर्षी म्हणते.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

शाळा सुटल्यावर श्रीमंतचं घर मोजलं. आधी हाच पठ्ठ्या ओळीतून आपलं घर पाडून तिथं लोखंडी शटरची गिरणी टाकणार होता. "मास्तर, तुमच्या नकाशापायी माझी गिरनी ऱ्हायली," म्हणून कुरकुरला, पण मोजपट्टीचं दुसरं टोक धरलं. घरात शिरल्यावर मला कळलं, आपण किती भाग्यवान! तुळयांची मापं आमच्यासारखीच, कोनाडे त्याच उंचीवर, देवळी त्याच जागी. मधल्या भिंतीत आमच्या बाजूला कोनाडा असेल तिथं त्याच्या बाजूला भरीव आणि त्याच्या बाजूला कोनाडा तिथं आमच्या बाजूला भरीव, म्हणजे भिंत कुठंच नाजूक होत नाही. काय डोकं असेल त्या कारागिराचं! मी श्रीमंतला मिठीच मारली. तो पिठानं पांढरा, मी शाईनं निळा.

११ फेब्रुवारी, रविवार

घोर अपराध! बनुबाईच्या स्वयंपाकघरात गेलो तर वर बघतो तो माळवदाला भोक. चांगलं हातभर रुंद सानं, त्यातून ऊन थेट चुलीपुढे पडलेलं. बाई उन्हात पाय पसरून डाळ निवडत बसलेली.

"हे कुणी पाडलं?" मी विचारलं.

"पाडलं? सासू आली तवाबी व्हतं की. सानं हाय वो मास्तर. धुराला वाट नगं का?"

मग मला आठवलं, श्रीमंतच्या घरीही वरून उजेड येत होता, मी कोनाड्यांच्या नादात बघितलंच नाही. परत गेलो. तिथंही तेच! किल्ल्या घेऊन कडेची दोन्ही घरं उघडली. तिथंही, पत्रे टाकून झाकलेलं, पण सानं आहेच. दरवर्षी माळवदावर जातो, शेजारचे ते कठडे दिसतात, पण ते कशाचे याचा मी कधी विचारच केला नव्हता.

म्हणजे पाचपैकी चार घरांनी मूळ माळवद फोडून ठेवलंय. साध्या घरांना सानं असतं ते ठीक, पण शिलेदारांच्या ओळीला कशाला? आबा उगीच सांगायचे का, "आपलं माळवद अखंड हाय, थेंबभर पानी आत येत न्हाई." मालन नवी नवरी असताना तिनं आबांना सानं पाडून द्या म्हणून विचारलं होतं, तेव्हा आबांनी तिला हेच सांगून गप्प केलं होतं. अहो, अख्ख्या पाचघऱ्यात जसंच्या तसं राहिलेलं घर एकच, ते म्हणजे आमचं! या आनंदात मी दोन वेळा ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आलो.

४ मार्च, रविवार

साहेबांना सविस्तर लिहून कळवलं की बाकीच्या घरमालकांनी अज्ञानातून माळवदाची हानी केली आहे, मधलं घर तेवढं निर्दोष आहे. चार नकाशे पूर्ण. आमच्या घराचा तेवढा राहिलाय. पुढच्या खोल्या झाल्या. स्वयंपाकघरात शिरलो तर मालन मिलोच्या भाकरी थापत होती. रेशनचा तो तांबडा मिलो, परदेशी ज्वारी, त्याची भाकरी चिरते, मोडते, पुन्हा थापावी लागते. आणि यंदा सरपण म्हणजे तुराट्या आणि कसलीतरी ओली झुडपं, शेणाच्या गोवऱ्याही मिळेनात. दोन मिनिटांत माझे डोळे चुरचुरले. बाहेर आलो. रोजचंच स्वयंपाकघर, त्यात काय मोजायचं! बनुबाईच्या घराचीच मापं उतरवून घेतली, सानं तेवढं वगळलं.

२९ मार्च, गुरुवार

साहेबांचं उत्तर नाही. सरकारी काम. मालनचा खोकला वाढलाय. डॉक्टरनं पातळ औषध दिलंय, तांबडं. तिला म्हटलं, औषध घेत जा. म्हणाली, घेते.

८ एप्रिल, रविवार

आज आमच्याकडे माती पडली.

कुणाला सांगितलं तर हसेल, पाऊस नाही, विहिरी आटल्या, टँकरपुढे हंड्यांच्या रांगा, आणि आम्ही माळवदावर माती टाकतोय. पण रीत ती रीत. पाडवा झाला की गावाबाहेरच्या पांढरीच्या टेकाडावरून माती आणायची, माळवदावर अंथरायची, पाणी मारून धोपटायची, म्हणजे पावसाळ्यात गळत नाही. यंदा पाणी नाही म्हणून कोरडीच धोपटली. आणि आमच्या पाचघऱ्यात नुसतं गळण्याचा प्रश्न नसतो. माळवद सगळ्यांचं सलग, त्यामुळे ज्याचं उंच त्याचं पाणी शेजाऱ्याकडे जातं! आबांचा नियमच होता, आपलं माळवद दोन्ही शेजाऱ्यांपेक्षा वीतभर तरी वर पाहिजे. श्रीमंतच्या बापानं दहा टोपल्या टाकल्या की आबा वीस टाकायचे. आता श्रीमंत टाकतो तर मी टाकतो. सकाळीच तो वर दिसला, टोपली घेऊन. मी खालूनच ओरडलो, "श्रीमंत, पाऊस कुठाय रे?" तो म्हणाला, "तुमी टाकनार न्हाई का मंग?" हॅ! टाकणार नाही म्हणे!

मजुरीची माणसं सगळी खडी फोडायच्या कामावर. मालननंच टोपल्या वर दिल्या, दरवर्षी तीच देते, शिडीवर उभी राहून. मी धोपटली. संध्याकाळी बघितलं, श्रीमंतपेक्षा वीतभर वर. अहाहा! मालन पार दमली होती, जेवलीसुद्धा नाही.

१५ एप्रिल, रविवार

मालन गेली.

मला वाटलं होतं दोन दिवसांसाठी जाईल. गहिनीनाथ आला होता, तोंडभर हसून बोलला, पण मागच्या खोलीत जाऊन आला तेव्हा हसू नव्हतं. "दाजी," म्हणाला, "आक्काला घेऊन जातो. तिथं हवा हाय." मालनची पिशवी भरलेलीच होती. दारात माझ्याकडं वळून म्हणाली, "मी रुसून न्हाई चालले. तुमचं काम हू द्या. पर त्या अंधारात मी परत येनार न्हाई."

म्हणजे काय? नोटीस लागली की खिडकी निघणार नाही, आणि खिडकी निघाली की नोटीस लागणार नाही. मी काय करायचं? मला राग आला. रागात पेन्सिलीची तीन टोकं मोडली.

२२ एप्रिल, रविवार

बनुबाई भाकरी देते आणि वर टोमणाही मारते. "चार दिस सोताच्या घरात सैपाक करून बघा की मास्तर." मी पुढच्या खोलीत स्टोव्हवर चहा करतो. मागं जातच नाही.

२७ एप्रिल, शुक्रवार

साहेब आले!

नकाशे बघून त्यांनी माझा हात हातात घेतला. "मास्तर, खात्यातला माणूसही एवढं स्वच्छ काढत नाही." मी हवेत! मग त्यांनी आमच्या घराचा नकाशा बनुबाईच्या नकाशावर धरला, उजेडाकडे धरून दोन्ही एकदम पाहिले आणि विचारलं, "तुमचं सानं कुठंय?"

मी छाती काढून सांगितलं, आमचं माळवद अखंड आहे.

साहेब मला घेऊन बनुबाईच्या स्वयंपाकघरात गेले आणि वर बोट दाखवलं. "ती चौकट बघा. तुळयांच्याच लाकडाची. चौकटीची टोकं तुळईतल्या खोबणीत बसवलीत. तुळई चढवायच्या आधी खोबण करावी लागते, मास्तर. मागून भोक पाडलं असतं तर हे जमलंच नसतं. सानं मूळचंच आहे. चारही घरांत एकाच जागी. बदललेलं घर असेल तर ते तुमचं."

मला घाम फुटला. बनुबाई पदराआड हसत होती, नीट दिसत होतं मला.

साहेबांनी धीर दिला. म्हणाले, ओळीची शिफारस होणारच, दहा तारखेला शेवटची पाहणी, मग नोटीस. मधलं घर "फेरफार झालेलं" म्हणून नोंदवावं लागेल एवढंच. एवढंच! आज रात्रभर तळमळायचंच, पण जेवणच उतरलं नाही म्हणून लवकर पडतो.

२८ एप्रिल, शनिवार

सापडलं!! सापडलं!!!

शाळेतून आलो तो तडक शिडी स्वयंपाकघरात लावली. या स्वयंपाकघरात शिडी लावायची मला आजवर गरजच पडली नव्हती. बॅटरी घेऊन चढलो. वर नुसती काजळी, बोट लावलं तर बोटभर जाड. ओल्या फडक्यानं पुसत गेलो, डोळ्यांत पडतंय, नाकात जातंय, आणि चुलीच्या बरोबर वर, बनुबाईच्या घरात आहे त्याच जागी, लाकडाची चौकट! आत फळ्या ठोकलेल्या. फळ्यांच्या वर माती.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्यात कुणी सानं बुजवलं नाही, ते आपोआप बुडालं. आबांनी माळवद चढवत नेलं, दरवर्षी थोडं थोडं, एक वर्ष मातीच सान्याच्या तोंडापेक्षा वर गेली. पावसाचं पाणी आत यायला लागलं असणार, तेव्हा श्रीमंतच्या बापानं सान्याचा कठडा वर घेतला, आबांनी मात्र फळ्या ठोकल्या, "पुढच्या वर्षी कठडा वर घेऊ" म्हणाले असणार, आणि पुढच्या वर्षी पुन्हा वीस टोपल्या. शेजाऱ्यांच्या वरचढ राहायच्या नादात आम्ही आपलंच सानं गाडलं! आणि मग "अखंड माळवद" म्हणून मिरवलं. मी एकटाच शिडीवर बसून हसत सुटलो. हसता हसता खोकला लागला.

म्हणजे आमचंही घर मूळचंच आहे. फेरफार नाही, नुसती वर माती आहे! आता खरी गंमत. साहेबांची अट आहे कशाला हात लावायचा नाही. तेव्हा मी काहीच करणार नाही. दहा तारखेला साहेब आले की हेडमास्तरांना बोलवायचं, नगरहून फोटोग्राफर बोलवायचा, आणि सगळ्यांच्या देखत साहेबांच्या हस्ते पहिली कुदळ मारायची. "मास्तरांचा शोध"! चौकटीचं स्वतंत्र चित्र आत्तापासूनच काढायला घेतलंय.

३० एप्रिल, सोमवार

फोटोग्राफर ठरला. हेडमास्तर येणार, फेटा बांधून येणार म्हणतात. भाषणाचे चार शब्द मीही लिहून ठेवले. हातपाय स्वस्थ नाहीत. वर्गात पोरांना सानं काढायला लावलं.

२ मे, बुधवार

आज बनुबाईनं माझी अशी काही खरडपट्टी काढली की कान अजून गरम आहेत. सगळं लिहितो.

मी तिला मोठ्या हौसेनं सगळा बेत सांगितला. फेटा, फोटो, कुदळ. तिनं भाकरीची परात खाली ठेवली.

"घावलं कंदी?"

"शनिवारी."

"मालनला सांगितलं?"

"दहा तारखेनंतर सांगणार. एकदम चकितच करायचं."

"चकित!" ती इतकी ओरडली की श्रीमंत गिरणी सोडून आला. "आरं मास्तर, तू माझ्या ल्योकाच्या वयाचा म्हनून आरं-तुरं करते. ती बाई धुरात बसून आंधळी व्हायला लागली, तुला दिसतंय का? डाळीतला खडा दिसंना तिला. मीच निवडून देत हुते रोज भितीपलीकडनं. खोकून खोकून बरगड्या धरून बसायची. आन् तुला तिचं सानं घावलं, तर तू फोटूवाल्याची वाट बघतो व्हय? फेट्याची वाट बघतो?"

मी म्हणालो, "पण साहेबांची अट..."

"घाल चुलीत अट!"

श्रीमंत हळूच म्हणाला, "मास्तर, धूर काय नोटिशीची वाट बघत न्हाई."

मी घरात येऊन दार लावून घेतलं. डाळ बनुबाई निवडून देत होती हे मला माहीत नव्हतं. देवा शपथ माहीत नव्हतं. मला वाटायचं मालनला वेळ लागतो.

मग मागं गेलो आणि मुद्दाम चूल पेटवली. तुराट्या होत्याच. तिच्या जागेवर बसलो. भाकरी काही मला येत नाही, पाणी ठेवलं नुसतं. पाणी उकळेपर्यंत बसायचं ठरवलं होतं. नाही बसवलं. डोळे मिटून, खोकत, भिंत चाचपत बाहेर आलो. अंगणात बसून रडलो. धुरानं आलेलं पाणी आणि ते पाणी वेगळं काढता आलं नाही.

मी मूर्ख आहे. असा मूर्ख की संरक्षित करून ठेवावा.

३ मे, गुरुवार

फोडलं!

सकाळी उठून श्रीमंतला हाक मारली. म्हणालो, कुदळ घे. तो म्हणाला, "आन् साहेब?" मी म्हणालो, साहेब रागावले तर रागावोत, नोटीस नाही लागली तर नाही लागू दे. बोलणं सोपं नव्हतं, खोटं कशाला लिहू, जन्मात एकदा आलेली संधी आहे. पण बोललो.

काय दिवस गेला! जागा मापून काढली होतीच, कुदळ बरोबर चौकटीवर घातली. माती खणत गेलो तर काय थर! पुरणपोळीचे पदर सुटावेत तसे. वरचा यंदाचा, भुसभुशीत. खाली माझे, मग फिकट पिवळसर आबांचे. श्रीमंत म्हणाला, "आयला मास्तर, ही माती न्हाई, आपल्या दोन घरांचं भांडान हाय. आन् माझ्या वरबी एवढीच असंल की!" मग त्यानं तुळईवरच्या भाराचा विचार केला असावा, कारण वळून स्वतःच्या माळवदाकडं बघायला लागला. ठरलं, की दोघांनीही पुढच्या वर्षीपासून माती टाकायची नाही, उलट काढायची, दोन्ही माळवदं बनुबाईच्या बरोबरीला आणायची. मूळ उतार मागच्या पन्हळीकडं आहे, नकाशा करताना मीच लिहिलं होतं. कुणाचं पाणी कुणाकडं जायचं कारणच नाही. दोन पिढ्या भांडलो कशाला?

खणता खणता एक गोष्ट मात्र मनात आली आणि हात थांबला. वरचे थर माझे म्हणतोय मी. पण मी तर नुसती धोपटली. टोपल्या मालननं वर दिल्या. इतकी वर्षं. शिडीवर उभी राहून.

फळ्या काढायला श्रीमंत खाली शिडीवर गेला, त्या निघाल्या आणि त्यानं खालून आरोळी ठोकली. मी सान्यातून खाली वाकून बघितलं. ऊन सरळ चुलीवर. आणि त्या उन्हात आमचं स्वयंपाकघर. भिंती काळ्या, भांड्यांची फळी काळी, तुळई काळी. एवढंच एक पांढरं, चुलीपुढच्या जमिनीवर बसून बसून झिजलेली जागा. बनुबाई माझ्या शेजारी वर आली, तिनंही वाकून ती जागा बघितली आणि झाडू आणायला खाली उतरली.

४ मे, शुक्रवार

पहिल्या एस.टी.नं नगर, तिथून केडगाव. मालन गहिनीनाथच्या दारात खाटेवर बसली होती. खोकला कमी वाटला. त्याचं काड्यापेटी घर खरंच हवेशीर आहे, हे मान्य करतो.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. चौकट, खोबण, फळ्या, माती, थर, हातवारे करकरून. गहिनीनाथची बायको पाण्याचा तांब्या धरून उभीच राहिली. मालननं सगळं ऐकलं.

"उघडलं कंदी?"

"काल."

"आन् घावलं कंदी?"

खोटं बोलता आलं असतं. वाटेत एस.टी.त तसा विचारही केला होता. "गेल्या शनिवारी," मी म्हणालो. "साहेबांच्या हातून उघडायचं होतं. फोटो काढायचा होता. बनुबाईनं शिव्या घातल्या तेव्हा कुदळ घेतली."

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं आता संपलं, गहिनीनाथच्या देखत काय ऐकावं लागतंय कोण जाणे. आणि ती हसायला लागली. पदर तोंडात धरून, डोळे पुसत. मग हसणं थांबलं.

"म्हंजे मामंजींनी झाकलं," ती म्हणाली, "आन् टोपल्या म्या टाकल्या. मी सानं मागत हुते आन् मीच वर माती देत हुते."

मी म्हणालो, "चूक माझी."

"व्हय, तुमचीच," ती म्हणाली. मग खाटेवरून उठली. "येते. पर बघाया येते. ऱ्हायचं का न्हाई ते बघून ठरवीन. पिशवी घेत न्हाई."

५ मे, शनिवार

सकाळी नगरहून साहेबांना तार केली की सानं सापडलं, परवानगीशिवाय उघडलं, जबाबदारी माझी. दहाला येतील तेव्हा काय ते होईल. फोटोग्राफरला नको म्हणून कळवलं.

आता आजचं लिहितो.

दुपारी मालनला घेऊन आलो. मालन पुढच्या खोलीत थांबली नाही, माझ्याकडं बघितलं नाही, सरळ मागं गेली. मी दारातच उभा राहिलो, आत जायची हिंमत होईना. ऊन चुलीच्या थोडं अलीकडं सरकलं होतं. तिनं वर बघितलं, खूप वेळ. मग चूल पेटवली. धूर उठला, जरा घोटाळला आणि सरळ वर निघाला. माळवदावरून बनुबाई ओरडली, "मालन! आला गं आला, धूर आला वर!" पलीकडून श्रीमंतची आरोळी. मी टाळ्या वाजवायला लागलो, आवरेचना.

मालननं तोंड पुसायला पदर काढला. डोक्यावरून पदर कधी ढळत नाही तिचा, आणि आत अंधारच असायचा. उन्हात तिचे केस पांढरेशुभ्र दिसले. सगळे.

"अगं," मी म्हणालो, "तुझे केस..."

"काय झालं?"

"पांढरे झालेत."

"व्हय की. पोरीच्या लग्नापासनंच."

आमच्या पोरीला आता दोन मुलं आहेत. थोरला शाळेत जातो.

तिनं कपाळावर हात आडवा धरून माझ्याकडं नीट बघितलं, बहुतेक तीही मला तिथं उजेडात पहिल्यांदाच बघत होती. मग म्हणाली, "गहिनीला निरोप धाडा, पिशवी पाठवून दे म्हनावं. आन् उंबऱ्यात काय हुबं ऱ्हायलात? बसा की आत, चहा टाकते."

चुलीपुढे तिच्या शेजारी बसून मी चहा घेतला.